मोरी पुन्हा पुन्हा तुंबते तेव्हा: केसांचा गुंता मुळासकट कसा काढावा

मोरीची जाळी उचलली, वरवर दिसणारे केस काढले, दोन बादल्या पाणी ओतून पाहिले, पाणी झरझर गेले म्हणून जाळी परत बसवली आणि पंधरा दिवसांत अंघोळ करताना पुन्हा पावले पाण्यात बुडू लागली, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. अशा वेळी बहुधा पहिला गुंता अर्धाच निघालेला असतो आणि उरलेल्या अर्ध्यावर नवे केस येऊन बसत असतात. पाणी वाहू लागले म्हणजे गुंता निघाला असे समजण्याची चूक आपण सगळेच करतो. गुंत्यातून दोन बोटे जातील एवढी वाट मोकळी झाली तरी बादलीभर पाणी विनातक्रार निघून जाते. पण त्या वाटेच्या कडेने गुंत्याचा मोठा भाग नळीला धरून बसलेला असतो आणि पुढच्या काही अंघोळींतच ती वाट बुजून जाते.

मोरी किती दिवसांनी तुंबते, ते आधी पाहावे

कोणतेही साधन हातात घेण्यापूर्वी मागच्या दोन-तीन सफाया कधी केल्या होत्या ते आठवून पाहावे आणि यापुढे प्रत्येक सफाईची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. दोन सफायांमधले अंतर हीच या दुखण्याची नाडी आहे. मोरी तीन-चार दिवसांतच तुंबत असेल तर मागच्या वेळी गुंता बाहेर आलाच नाही, तो फक्त पुढच्या वळणापर्यंत ढकलला गेला, किंवा मुळात अडथळा केसांचा नसून सिमेंट, खडे, साबणाचा तुकडा, कापडाची चिंधी असा काहीतरी आहे, असे समजावे. दोन ते चार आठवड्यांनी तुंबत असेल तर नळीच्या आत केस पकडून ठेवणारी एखादी जागा आहे आणि प्रत्येक वेळी गुंत्याची शेपटी निघते पण मूळ तिथेच राहते. चार-सहा महिन्यांनी तुंबत असेल तर त्यात बिघाड काही नाही. ती केवळ साठवण आहे आणि तिच्यावर जाळी व नियमित सफाई एवढाच उपाय पुरतो. घरात माणसे किती, केस किती लांब, पाणी किती जड, यांवर हे अंतर कमीजास्त होते, म्हणून इतरांच्या घराशी तुलना न करता स्वतःच्याच मोरीच्या तारखा ताडून पाहाव्यात.

या लेखाचा बराचसा भाग मधल्या प्रकाराविषयी, म्हणजे दोन ते चार आठवड्यांनी उलटणाऱ्या दुखण्याविषयी आहे, कारण माणसे सर्वाधिक वैतागतात ती त्यानेच.

केस नळीत थांबतात कशामुळे

एक केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. ४० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून तो सरळ वाहून जायला काहीच हरकत नसावी, आणि नळीची आतली बाजू गुळगुळीत असेल तर तो बहुधा जातोही. अडचण सुरू होते ती केसाला आडवे काहीतरी भेटते तेव्हा. बेसिनच्या तोंडाशी असलेली अधिक-चिन्हाच्या आकाराची दांडी, उघडझाप करणाऱ्या झाकणाखालचा आडवा खिळा, करवतीने कापलेल्या नळीच्या कडेचे कुसळ, सांध्यातून आत ओघळून सुकलेल्या सोल्युशनचा (नळ्या जोडायच्या चिकटद्रवाचा) थेंब, फरशी बसवताना ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीखालच्या पाणी साचून राहणाऱ्या भागात, पडून घट्ट झालेले सिमेंट, यांपैकी काहीही पुरते. लांब केस अशा दांडीवर दोरीवर कपडा वाळत घालावा तसा मधोमध लटकतो, त्याची दोन्ही टोके पाण्याच्या प्रवाहात खाली राहतात आणि पाणी जितके जोरात वाहील तितका तो दांडीला अधिक घट्ट आवळला जातो. म्हणून कितीही पाणी ओतले तरी असा केस वाहून जात नाही.

त्यानंतरचे काम केसाची रचनाच करते. केसाच्या पृष्ठभागावर मुळाकडून टोकाकडे जाणारे खवले छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात, त्यामुळे उलटसुलट पडलेले केस एकमेकांवर घासले की पुढे सरकतात पण मागे सहज येत नाहीत आणि गुंता आपोआप घट्ट होत जातो. त्यात साबण मिसळतो. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा पांढुरका साका तयार होतो. तो, अंगावरचा तेलकटपणा, कंडिशनर आणि त्वचेची मृत पापुद्री मिळून केसांना चिकटपणाचा लेप देतात. चिकट गुंता मग बारीक वाळू, धागे, दाढीचे आखूड केस असे जे येईल ते धरून ठेवतो. वस्तुतः दाढीचे केस एकटे सहसा मोरी तुंबवत नाहीत. लांब केसांनी विणलेल्या जाळ्यात ते भरावासारखे बसतात.

डोक्यावरून दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळणे नैसर्गिक मानले जाते. केसांची लांबी ३० सेंटिमीटर धरली आणि त्यांपैकी रोज ५० जरी मोरीत गेले तरी एका माणसाचे दिवसाला १५ मीटर आणि महिन्याला ४५० मीटर केस होतात. हा हिशोब मांडून पाहिला की मोरी का तुंबते यापेक्षा ती इतके दिवस चालते कशी याचेच नवल वाटू लागते.

अडथळा नेमका कुठे आहे

एक बादली पाणी मोजून ओतावे आणि ते पूर्ण जायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहावे. हा आकडा लिहून ठेवला तर सफाईनंतर खरोखर फरक पडला की नुसता भास झाला, हे कळते. पाणी ओतल्याबरोबर लगेच वर चढत असेल तर अडथळा तोंडाजवळ, म्हणजे जाळीखाली किंवा ट्रॅपमध्ये आहे. आधी अर्धी बादली सरळ जाते आणि मग पाणी हळूहळू चढू लागते, असे होत असेल तर अडथळ्याआधीची नळी भरेपर्यंत पाण्याला जागा मिळत आहे आणि अडथळा पुढे कुठेतरी आहे.

दुसरी पाहणी बेसिनच्या साहाय्याने करावी. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडून द्यावे. बेसिनचे पाणी जमिनीवरच्या मोरीतून वर उसळत असेल तर बेसिनची नळी आणि मोरी जिथे एकत्र येतात त्याच्याही पुढे गुंता आहे आणि बेसिनखाली कितीही खटपट केली तरी उपयोग व्हायचा नाही. बेसिनच तेवढे हळू रिकामे होते आणि मोरी व्यवस्थित चालते, असे असेल तर शोध बेसिनच्या तोंडापासून त्याखालच्या ट्रॅपपर्यंतच मर्यादित ठेवावा. न्हाणीघर, शौचालय, कपडे धुण्याची जागा असे सगळेच एकाच वेळी संथ झाले असेल किंवा एका ठिकाणी पाणी सोडल्यावर दुसऱ्या ठिकाणी घुडघुड असा आवाज येत असेल, तर मुख्य नळी किंवा सांडपाण्याच्या नळ्यांत हवा खेळती ठेवणारी हवेची नळी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी असते आणि तिथे घरगुती उपाय थांबतात.

गुंता ओढून काढावा, ढकलू नये

केसांच्या बाबतीत हा एक नियम पाळला तरी निम्मे काम होते. पाण्याचा जोराचा फवारा, हवेच्या दाबाची पिचकारी, काठीने रेटणे, या सगळ्यांचा परिणाम एकच होतो: हाताच्या अंतरावर असलेला गुंता हाताबाहेर जातो. मी स्वतः एकदा रबरी नळी मोरीत खुपसून नळ पूर्ण सोडला होता. पाणी एकदम गेले, मला फार आनंद झाला, आणि पाचव्या दिवशी तीच मोरी अशी तुंबली की आधी वीतभर आत असलेला गुंता आता फरशीखालच्या वळणात जाऊन बसला होता व तो काढायला स्प्रिंग, म्हणजे नळीत फिरवत सोडायची लांब लवचिक तार, मागवावी लागली.

हातमोजे, एक जुनी बादली, मोबाईलचा प्रकाश, लांब चिमटा, स्क्रू ड्रायव्हर आणि दोन्ही कडांना उलटे काटे असलेली अर्ध्या मीटरची प्लॅस्टिकची पट्टी एवढे साहित्य जवळ असावे. पट्टी नसेल तर कपडे अडकवायच्या तारेच्या हँगरचे टोक लहान आकड्यासारखे वळवून काम भागते. मात्र आकडा फार रुंद केला तर तो ट्रॅपच्या वळणात अडकतो आणि तारेने प्लॅस्टिकच्या नळीला ओरखडे पडले तर केस धरायला आणखी जागा तयार होते. पट्टी त्यामानाने निरुपद्रवी असते.

जमिनीवरच्या मोरीपासून सुरुवात करावी. जाळीचे स्क्रू काढताना मोरीच्या तोंडात कापडाचा बोळा घालून ठेवावा, नाही तर स्क्रू आत पडतो आणि एक कायमची अडकण आपल्याच हाताने तयार होते. प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात त्यात जाळीखाली बहुधा पाणी साचलेला खोलगट भाग असतो; ते पाणी म्हणजे तुंबलेले पाणी नव्हे, नळीतला वास आणि झुरळे वर येऊ नयेत म्हणून मुद्दाम ठेवलेले ते पाण्याचे बूच असते आणि त्याची खोली साधारण ५० मिलिमीटर असते. काही ट्रॅपमध्ये उपडी वाटी किंवा काढता येण्याजोगा पेला असतो. ही वाटी वर्षानुवर्षे कोणी उचललेलीच नसते, आणि पुष्कळदा सगळे केस तिच्या काठाला आतून माळेसारखे गुंफलेले सापडतात. वाटी उचलून, धुऊन परत त्याच जागी नीट बसवावी. ती काढून टाकल्याने पाणी लवकर जाते हे खरे, परंतु पाण्याचे बूच मोडल्यामुळे घरात गटाराचा वास येऊ लागतो.

पट्टी आत सोडताना नळीच्या भिंतीला धरून हळूहळू सोडावी, पूर्ण आत गेल्यावर अर्धा वळसा द्यावा आणि एका संथ ओढीत वर घ्यावी. झटका दिला तर गुंता तुटतो आणि खालचा भाग निसटतो. प्रत्येक ओढीनंतर काट्यांवरचे केस कागदात पुसून घ्यावेत आणि पट्टी नळीच्या वेगळ्या बाजूने पुन्हा सोडावी. पहिल्या ओढीला मोठा गुंतवळ बाहेर आला की काम संपले असे वाटते. तो गुंतवळ जरा निरखून पाहावा. त्याचे खालचे टोक काळपट, बुळबुळीत आणि निमुळते असते. वरच्या टोकाला जर तुटलेल्या केसांचा झुपका दिसला, म्हणजे टोकाला गाठ किंवा वेढा न दिसता केस मधेच तुटल्यासारखे दिसले, तर ज्या जागी तो अडकला होता ती जागा अजून केस धरून आहे असे समजावे. वेढ्याचा आकार, म्हणजे केसांनी दांडीभोवती घातलेली कडी, अखंड बाहेर आली तर मूळ निघाले. ही खूण मला फार उशिरा कळली, पण तेव्हापासून अंदाज सहसा चुकलेला नाही.

दांडीला आवळलेले केस ओढून निघत नसतील तर कापावे लागतात. मात्र आधी खालचा गुंतवळ चिमट्याने घट्ट धरावा आणि मगच वरचा वेढा कापावा. कात्री आधी चालवली की सगळा गुंता सुटून थेट ट्रॅपमध्ये उतरतो, आणि पंधरा दिवसांनी त्याची पुन्हा भेट होते.

बेसिनची गोष्ट

बेसिनमध्ये उघडझाप करणारे झाकण असेल तर ते कसे निघते ते आधी पाहावे. काही झाकणे नुसती फिरवली की आट्यांवरून सुटतात. काहींना बेसिनच्या मागच्या बाजूने एक आडवी दांडी आत आलेली असते आणि त्या दांडीची चकती हाताने सोडवल्याशिवाय झाकण वर येत नाही. हीच आडवी दांडी बेसिनमधल्या गुंत्याचे माहेरघर असते. झाकण काढल्यावर दांडी जागेवर ठेवून नुसती पट्टी फिरवली तर काटे तिलाच अडकतात, म्हणून दांडीही बाहेर ओढून पुसून घ्यावी.

त्याखाली बाटलीच्या आकाराचा ट्रॅप असेल तर खाली बादली ठेवून त्याचा तळाचा पेला हाताने फिरवून सोडवावा. पाना लावायची गरज सहसा पडत नाही, आणि प्लॅस्टिकच्या ट्रॅपला पाना लावला तर आटे घसरण्याची भीती असते. पेला परत लावताना रबरी वॉशर दुमडलेला नाही ना ते पाहावे, हाताने घट्ट करावे, बेसिन भरून सोडावे आणि सांध्याभोवती कोरडा कागद फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी गळती कागदावर लगेच उमटते. ट्रॅपमधले पाणी बादलीतून त्याच बेसिनमध्ये ओतू नये, एवढे सांगणे अनावश्यक वाटेल, परंतु खालची नळी सुटी आहे हे त्या क्षणी हमखास विसरले जाते.

माझ्याकडचे एक बेसिन वर्षभर दर तीन आठवड्यांनी तुंबत असे. ट्रॅप स्वच्छ, दांडी स्वच्छ, तरीही दर वेळी तेवढाच गुंता. शेवटी सगळे भाग सोडवून बेसिनच्या तोंडात वरून मोबाईलचा प्रकाश टाकला आणि खालून आरसा धरला, तेव्हा दिसले की आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेप बसवणाऱ्याने जास्तीची गुंडाळली होती आणि तिचे बोटाच्या पेराएवढे टोक सांध्यातून आत लोंबत होते. त्या टोकाला वीस-पंचवीस केसांची गाठ बसली होती, जणू लहानसा ब्रशच. चिमट्याने टोक ओढून पात्याने कापले. पुढची सफाई पाच महिन्यांनी करावी लागली. तोपर्यंत मी साबणाला, पाण्याला आणि घरातल्या प्रत्येकाच्या केसांना दोष देऊन झाला होता.

पंप आणि स्प्रिंग

रबरी पंप गुंता काढत नाही, हलवतो, हे लक्षात ठेवून तो वापरावा. पंपाची वाटी बुडेल एवढे पाणी वर हवे आणि जवळची इतर तोंडे, विशेषतः बेसिनच्या वरच्या काठाजवळचे जादा पाण्याचे भोक, ओल्या कापडाने दाबून बंद करावीत, नाही तर सगळा दाब तिथूनच निसटतो. दाबण्यापेक्षा वर खेचण्याला जोर द्यावा. त्याने गुंता तोंडाकडे येतो आणि मग पट्टीने पकडता येतो.

स्प्रिंग वापरायची वेळ येते ती अडथळा पट्टीच्या पलीकडे असेल तेव्हा. ती हँडलने एकाच दिशेने फिरवत आत सोडावी. नळीचे वळण लागले तर हाताला कठीण अडथळा जाणवतो आणि दोन-चार फेऱ्यांनंतर स्प्रिंग एकदम पुढे सरकते. केसांचा गुंता लागला तर तो मऊ, लवचिक लागतो आणि स्प्रिंग परत मागे ढकलली जाते. तिथे थांबून त्याच दिशेने आठ-दहा फेऱ्या द्याव्यात, म्हणजे केस टोकाभोवती गुंडाळले जातात, आणि बाहेर ओढतानाही दिशा बदलू नये. पुष्कळ जण ओढताना हँडल उलटे फिरवतात आणि गुंडाळलेले केस नळीतच सोडून रिकामी स्प्रिंग बाहेर काढतात.

रसायनांविषयी

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. गंधकाच्या बंधांनी प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींशी जखडलेल्या असल्यामुळे तो गरम पाण्याने, साबणाने किंवा खाण्याच्या सोड्याने विरघळत नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतल्यावर जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा असतो. दोन्ही पदार्थ एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे मुख्यतः पाणी व सोडियम ॲसिटेट उरते. फेस पाहून समाधान होते, गुंता मात्र जिथल्या तिथे राहतो. व्हिनेगरचा उपयोग असलाच तर केस काढून झाल्यावर, नळीच्या भिंतीवरचा साबणाचा साका आणि क्षारांचा थर सैल करण्यापुरता आहे, आणि तेव्हा तो सोड्याशिवाय एकटाच वापरावा. त्याआधी कोणतेही दुसरे रसायन मोरीत गेलेले नसावे.

कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, केराटिन खरोखर तोडतो आणि चरबीचे साबणात रूपांतर करतो. तरीही नेहमी तुंबणाऱ्या मोरीसाठी मी तो सुचवत नाही. पाणी पूर्ण थांबले असेल तर तो गुंत्यापर्यंत पोहोचण्याआधीच पातळ होतो. पाणी वाहत असेल तर तो मोकळ्या वाटेने निघून जातो आणि कडेचा गुंता तसाच राहतो. पाणी अगदी कमी असेल तर त्याचाच दगडासारखा गोळा होऊन बसू शकतो. पाण्यात विरघळताना तो मोठी उष्णता सोडतो. ॲल्युमिनियमशी त्याची क्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. शिवाय रसायन टाकूनही मोरी उघडली नाही तर पुढची सगळी सफाई त्या दाहक पाण्यात हात घालून करावी लागते.

तरीही वापरायचाच असेल तर वेष्टनावरच्या सूचना शब्दशः पाळाव्यात, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि द्रावण करावे लागत असेल तर थंड पाण्यात सोडा थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. रसायन टाकल्यानंतर पंप मारू नये, कारण उडालेला शिंतोडा थेट चेहऱ्यावर येतो. त्वचेवर किंवा डोळ्यांत गेले तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये. एका रसायनाने काम झाले नाही म्हणून दुसरे त्यावर ओतणे सर्वांत धोक्याचे आहे. फरशी धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो; ॲसिड आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की द्रावण उकळून उसळू शकते. फरशीचे ॲसिड तसेही केसांवर फारसे काही करत नाही, जाळी मात्र गंजवते.

उकळते पाणी ओतण्याचा सल्लाही सरसकट दिला जातो. पीव्हीसीच्या नळ्या ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात आणि त्यांचे सांधे ढिले होऊ शकतात, म्हणून अंघोळीच्या पाण्याहून थोडे गरम, एवढ्यावर थांबावे. असे पाणी केस काढल्यानंतर तेलकट लेप सुटायला उपयोगी पडते. जिवाणू किंवा एन्झाइम असलेली द्रावणे रात्रभर ठेवल्यास हाच लेप कमी करतात. तुंबलेली मोरी मात्र ती उघडत नाहीत.

सगळे काढूनही पुन्हा तुंबत असेल तर

अशा वेळी केसांचा विचार बाजूला ठेवून नळीचा विचार करावा. हातमोजा घालून ट्रॅपच्या तोंडाच्या आतून बोट फिरवावे. कुसळ, खरखरीत कड, सुकलेल्या सोल्युशनचा थेंब बोटाला लगेच कळतो. हाताला पोहोचेल तिथपर्यंत तो पॉलिश पेपरने गुळगुळीत करता येतो, मात्र निघालेला चुरा आत जाऊ नये म्हणून खाली ओले कापड दाबून ठेवावे. ट्रॅपच्या तळाशी घट्ट, न हलणारा खडबडीत थर लागला तर ते बहुधा बांधकामाचे सिमेंट असते. छिन्नीने फोडायचा मोह आवरावा, कारण ट्रॅप फुटला तर गळती खालच्या छतात उतरते आणि मग दुरुस्ती फरशी उखडूनच करावी लागते.

उताराचीही शंका घ्यावी. सांडपाण्याच्या लहान नळीला साधारण ४० ते ५० सेंटिमीटर लांबीमागे एक सेंटिमीटर उतार असावा लागतो. तो कमी पडला तर पाणी संथ वाहते, केस तळाला बसतात आणि एकही खिळा किंवा कुसळ नसताना गुंता तयार होतो. बेसिनखालची उघडी नळी मधेच झोळीसारखी लोंबत असेल तर ते डोळ्यांनीच दिसते आणि एका क्लॅम्पने ती उचलून धरता येते. घडीची लवचिक नळी बसवलेली असेल तर ती बदलून आतून गुळगुळीत अशी सरळ नळी बसवून घ्यावी. त्या नळीची प्रत्येक घडी केसांसाठी एक पायरी असते.

प्लंबरला बोलवायची वेळ आली तर त्याला पाणी कुठून कुठे उसळते, बादली किती सेकंदांत जाते आणि सफाईच्या तारखा कोणत्या, हे सांगावे, आणि मोरीत कोणतेही रसायन टाकले असेल तर ते त्याने हात घालण्याआधी सांगावे.

पुढच्या सफाईपर्यंत

केसांसाठी वेगळी, बारीक छिद्रांची जाळी मूळ जाळीच्या खाली किंवा वर बसवावी. छिद्रे फार बारीक असतील तर साबणाच्या लेपाने ती चार दिवसांत बुजतात आणि घरातले कोणीतरी कंटाळून जाळीच काढून ठेवते, म्हणून दोन-तीन मिलिमीटरची छिद्रे पुरेशी समजावीत. जाळीवरचे केस प्रत्येक अंघोळीनंतर, ओले असतानाच, कागदाने उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकावेत. ते शौचालयात टाकले तर गुंत्याची फक्त जागा बदलते. केस धुण्यापूर्वी कोरडे असताना विंचरून घेतले तर सुटलेले बरेच केस फणीतच राहतात. ज्यांचे केस दोन-तीन दिवसांनी धुतले जातात त्यांचे मधल्या दिवसांत सुटलेले केस त्या एका दिवशी एकदम मोरीत येतात, म्हणून निदान त्या दिवशी जाळी जागेवर आहे ना, हे पाहून घ्यावे.

महिन्यातून एकदा वाटी उचलावी, पट्टी दोनदा फिरवावी, गरम पाण्याची एक बादली सोडावी आणि ती किती सेकंदांत गेली ते मागच्या आकड्याच्या खाली लिहावे. पहिल्या महिन्यात १५ सेकंद, दुसऱ्या महिन्यात १६, तिसऱ्या महिन्यात २५, असा आकडा वाढलेला दिसला तर पावले पाण्यात बुडायची वाट न पाहता त्याच दिवशी जाळी उघडावी.